पाणतरोटा पाण्यात उतरेल, पण ऑगस्ट आणि मे दोन्ही सोसून

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरची एक मुलगी आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विज्ञानकथा लिहून राहिली आहे. तिच्या कथेत तरोट्याच्या (टाकळ्याच्या) जातकुळीतलं एक काल्पनिक झुडूप आहे, नाव ठेवलंय पाणतरोटा. तलावाच्या काठी उगवणारं हे झुडूप तीन लाख वर्षांत गुडघाभर पाण्यात कायमचं राहायला लागतं. तिनं त्याला शेवाळासारखी बारीक चिरलेली पानं दिलीत, लाटांत टिकावं म्हणून जाड लाकडी खोड दिलंय, फुलं पिवळीच पण पाण्याच्या आत उमलणारी, आणि मुळं चिखलात खोल खोल. विचारलंय की सर, यातलं काय पटतं, काय बदलू.

बेटा, तरोटा निवडलास हे फार बेस केलंस. लोक अशा गोष्टीसाठी कुठलं तरी परदेशी नाव शोधतात आणि तू जूनच्या पहिल्या पावसात आपल्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, पडक्या प्लॉटवर जे उगवतं, ज्याची कोवळी भाजी आपण खातो, ते घेतलंस. मी तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि त्यातले निम्मे पावसाळे भंडारा-गोंदियाच्या तलावांमध्ये कंबरेइतक्या पाण्यात उभा राहून काढलेत, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवत नाही, जरा लांबेल, सांभाळून घे.

आधी मुळातली एक गोष्ट नीट करू, मग पानं-फुलं आपोआप जागेवर येतील. तू लिहिलंयस की झाडाला पाण्याची सवय होत गेली. पाण्याची सवय ही अडचणच नाही, पाणी झाडाला मारत नाही. झाड मरतं ते श्वास कोंडून. एक लिटर हवेत २१० मिली ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात, २५ अंशाला, फार तर ६ मिली. आणि जो आहे तो सरकतो किती हळू, हवेत वायू जितक्या वेगानं पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांचा श्वास बंद, एकदोन दिवसांत तिथला ऑक्सिजन संपतो. मग मूळ ऑक्सिजनशिवाय भागवायला बघतं, पण एका ग्लुकोजमागं जिथं ३० च्या वर एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जेची नाणी, मिळायचे तिथं फक्त २ मिळतात, म्हणजे शिल्लक साखर झपाट्यानं संपते आणि वरून अल्कोहोल साचत जातं.

हे तू पाहिलं असशील, फक्त या नजरेनं पाहिलं नसशील. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली की काळ्या मातीतलं सोयाबीन पिवळं पडतं, तूर माना टाकते, संत्र्याच्या बागेत पाणी साचून राहिलं की झाडाचा शेंडा सुकायला लागतो. घोटाभर पाण्यात उभं असलेलं झाड कोमेजतं, का? कारण पाणी ओढायलाही मुळांना ताकद लागते आणि ताकद श्वासातून येते. पाण्यात उभं राहून तहानेनं वाळणं, हे दृश्य तुझ्या कथेच्या पहिल्याच प्रकरणात यायला पाहिजे असं मला वाटतं, कारण तुझ्या पाणतरोट्याचे ९० टक्के भाऊबंद असेच गेले असणार.

दुसरी दुरुस्ती, ही जरा कडक वाटेल पण करतोच. 'गरज पडली म्हणून मुळांनी हवेच्या नळ्या तयार केल्या' असं वाक्य तू लिहिलंयस. गरज पडली म्हणून काही होत नाही. काठावर दरवर्षी हजारो बिया पडतात, सगळी रोपं सारखी नसतात, एखाद्याच्या मुळात पोकळी जरा जास्त असते, एखादं बुडाल्यावर दोन दिवस जास्त तग धरतं, आणि ज्या वर्षी पाणी आठवडाभर थांबतं त्या वर्षी बी धरायला तेवढीच उरतात. पुढच्या वर्षी काठावर त्यांचीच लेकरं. त्यामागं कुणाचा विचार नाही, इच्छा नाही, नुसती गाळणी आहे आणि ती दर पावसाळ्यात लागते.

आता हे कुठं घडणार? तू फुटाळा लिहिलंयस. फुटाळा, अंबाझरी हे नागपुरातले बांधलेले तलाव आहेत बेटा, अंबाझरी १८७० चा, आणि भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलावसुद्धा माणसानंच बांधलेले, काहीशे वर्षांचे. तीन लाख वर्षांच्या गोष्टीला ते पुरत नाहीत. तुला जुनं पाणी लागेल. वैनगंगेचे डोह घे, नदीनं पात्र बदलल्यावर मागं राहिलेली उथळ डबकी घे, ती दरवर्षी भरतात आणि आटतात आणि नदी आहे तोवर कुठं ना कुठं असतातच. लोणार मात्र घेऊ नकोस, नैसर्गिक आहे म्हणून मोह होईल, पण त्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास, म्हणजे फारच क्षारीय, तिथं मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच, नवशिक्या झाडाला ते झेपायचं नाही.

आणि इथंच माझं मुख्य म्हणणं येतं. आपल्याकडे उथळ पाणी म्हणजे बारमाही पाणी नाही. ऑगस्टमध्ये जिथं कंबरभर, तिथं जानेवारीत चिखल, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. गावात त्या ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर करतात ना, तोच पट्टा तुझ्या झाडाचा. म्हणून पाणतरोटा पाण्यासाठी घडवू नकोस. ऑगस्ट आणि मे दोन्ही काढू शकेल असा घडव. दोन्हीकडे पाय ठेवणारं झाड कल्पनेत नाही, आपल्या शेजारी ढिगानं आहे.

रताळ्याचं घराणं बघ. रताळं जमिनीचं. बेशरम, नागपुरात कुठल्याही नाल्याकाठी दिसतं ते, मूळचं दक्षिण अमेरिकेचं, कोरड्यात पण उभं आणि ढोपरभर पाण्यात पण उभं, फांदी तोडून टाकली तरी रुजतं म्हणून तर ते नाव. आणि त्याच घराण्यातली नाळीची भाजी, जी पाण्यावर सरळ तरंगत पसरते. एकाच वंशात जमीन, काठ आणि पाणी तिन्ही. नाळीचं एक कांडं बाजारातून आण, आडवं काप, आत सरळ पोकळ नळी. मग दुसरं कांडं दोन्ही टोकं बोटांनी दाबून पाण्याच्या बादलीत खाली उभं धर आणि दोन्ही बोटं हळूच सोड. बुडबुडे बुडबुड करत वर येतील. ती हवा म्हणजे वरच्या पानांकडून खाली मुळांकडे जाणारा पुरवठा. सगळ्या पाणवनस्पतींचं मूळ भांडवल एवढंच आहे, हवेची नळी.

आता या नळ्या कुठून आल्या असतील याचं उत्तर तुझ्या कथेला फार कामाचं आहे, कारण त्या नव्यानं शोधाव्या लागत नाहीत. साधा मका घे, त्याचं मूळ पाण्यात गुदमरलं की आत इथिलीन नावाचा वायू साचतो, पाण्यामुळे त्याला बाहेर पडता येत नाही, आणि हा साचलेला इथिलीनच मधल्या काही पेशींना मरायचा निरोप देतो, त्या मेल्या की त्यांच्या जागी पोकळी. आपण ज्याला वायूऊती म्हणतो ती अशी. मक्यात हे पूर आल्यावर होतं, धानात पूर येण्याची वाटच बघत नाहीत, मुळं जन्मतःच पोकळ्या घेऊन येतात. म्हणजे पाणतरोट्याला नवीन यंत्र बसवायचं नाहीये, जे संकटात चालू व्हायचं ते कायम चालू ठेवायचंय. असा बदल पटतो, वाचकालाही आणि मलाही.

धानाचं निघालं म्हणून, रोवणीच्या वेळी बांधीतून एखादं जुनं रोप उपटून बघ. नवी मुळं पांढरी आणि जुन्या मुळांवर गंजासारखा तांबूस थर. हा खराच गंज आहे. कोंडलेल्या चिखलात लोखंड विरघळतं आणि विषारी होतं, मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो तो त्या लोखंडाला मुळाच्या बाहेरच पकडून थिजवतो. पण जास्त झिरपला तर टोकापर्यंत पोचायचाच नाही, म्हणून धानाच्या मुळाच्या बाहेरच्या थरात एक मेणचट अस्तर चढतं, बुचाच्या सालीत असतं तसल्या द्रव्याचं, आणि हवा फक्त टोकाशी सुटते. तुझं 'मुळं चिखलात खोल खोल' यासाठीच मला खटकलं. खोल गेलं की हवेचा रस्ता लांबतो आणि खालचा चिखल तर सडक्या अंड्यासारखा वास मारणारा, गंधकाचा. तरोट्याचं सोटमूळ पहिल्या पिढ्यांतच हरणार. त्याच्या जागी खोडाच्या पेरांमधून फुटणारी बारीक, उथळ, झुपक्यासारखी मुळं दाखव, पृष्ठभागाजवळ, जिथं अजून थोडा ऑक्सिजन आहे. बेशरमची फांदी बादलीत ठेवलीस की थोड्याच दिवसांत पेराला पांढरे दाणे दिसतात, ती हीच मुळं.

पूर आल्यावर झाडानं करायचं काय, यात दोन अगदी उलटे मार्ग आहेत आणि तुला त्यातला एक निवडावा लागेल. एक, श्वास रोखून पडून राहायचं. दुसरा, जीव खाऊन वाढायचं आणि डोकं पाण्याबाहेर काढायचं. धानात दोन्ही सापडतात म्हणून तर मला धान इतकं आवडतं. ओडिशाच्या एफआर१३ए नावाच्या जुन्या वाणात पूर्ण बुडून दोन आठवडे जगण्याची ताकद होती, २००६ मध्ये त्यामागचा सब१ए हा जनुक हाती लागला, तो स्वर्णा धानात आणून २००९ मध्ये स्वर्णा-सब१ शेतकऱ्यांसाठी आलं. तो जनुक रोपाला सांगतो, वाढू नको, साखर वाचव, पाणी उतरायची वाट बघ. आणि त्याच २००९ मध्ये जपानी संशोधकांनी खोल पाण्यातल्या धानाचे दोन जनुक दाखवले, नावच स्नॉर्केल ठेवलं, ते नेमकं उलटं सांगतात, पळ वर. असं धान पुरात दिवसाला २०-२५ सेंटिमीटर वाढतं. गंमत अशी की दोन्ही जनुक इथिलीनला प्रतिसाद देणाऱ्या एकाच मोठ्या कुटुंबातले. निरोप तोच, एक भाऊ ऐकून बसतो आणि दुसरा ऐकून उठतो.

कुठला घ्यायचा? नाल्यासारखा पूर, आला आणि चार दिवसांत उतरला, तर बसणारा जिंकतो, कारण उंच वाढलेला पाणी उतरल्यावर आडवा होतो. डोहासारखं पाणी, जुलैत चढलं आणि डिसेंबरपर्यंत राहिलं, तर उठणाराच जिंकणार. तुझा पाणतरोटा डोहाकाठचा, म्हणून मी उठणारा घेईन. पण तुझ्या कथेत दोन गट दाखवलेस, नाल्याकडचा बसणारा आणि डोहाकडचा उठणारा, आणि काही हजार वर्षांनी त्यांचा संकर जमेनासा झाला, तर एका जातीच्या दोन जाती कशा होतात तेही सुंदर येईल. बघ, तुला जमेल.

आता पानं. शेवाळासारखी चिरलेली पानं चूक नाहीत, उलट पाण्यात बुडालेल्या पानाचं ते नेहमीचं रूप आहे. पान पातळ, कधीकधी दोनतीन पेशींच्या थरांचं, वरचा मेणाचा थर नावापुरता, कारण पाण्यात वायू इतका हळू सरकतो की पान जाड असलं तर आतल्या पेशी उपाशी राहतात. पण दोन अडचणी आहेत. पहिली, तू सगळीच पानं तशी केलीस. मग मे महिन्यात काय? पाण्याखालचं पान बाहेर काढलं की दहा मिनिटांत चोळामोळा होतं. म्हणून एकाच झाडाला दोन तऱ्हेची पानं दे, खाली चिरलेली, वर साधी. एखाद्या ॲक्वेरियमच्या दुकानात जा आणि वॉटर विस्टेरिया माग, ती आपलीच हायग्रोफिला, बाहेर वाढवलेल्या रोपाला जवळपास अखंड पान असतं आणि टाकीत बुडवलं की जुनी पानं गळतात आणि नवीन येतात ती फाटलेली, कोथिंबिरीसारखी. लोक घाबरून दुकानदाराशी भांडतात की झाड सडकं दिलं, तसं नसतं, कपडे बदलून राहिलं असतं ते. अशा बऱ्याच झाडांमध्ये ॲबसिसिक आम्ल, म्हणजे कोरड पडल्याचा निरोप देणारं संप्रेरक, पाण्यात मिसळलं तर बुडालेल्या फांदीलाही जमिनीवरचं पान येतं. म्हणजे दोन्ही पानांचा आराखडा झाडाकडे असतो, कुठला उघडायचा ते निरोपावर.

दुसरी अडचण गढूळपणाची. आपल्या पावसाळी पाण्यात हात घातला तर कोपरापुढं बोटं दिसत नाहीत. तिथं बुडून प्रकाश खाणार कसा? म्हणून विदर्भातल्या झाडाला मला तरंगतं पान जास्त खरं वाटतं. आणि बुडालेल्या पानाला अजून एक भूक असते, कार्बनची. पाण्यात बराचसा कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशी पाण्याखाली वाढणारी काही झाडं तो वापरू शकतात, सगळ्यांना नाही जमत. हायड्रिला तर उन्हाळ्यात, कार्बन कमी पडला की, मका-उसासारखी सी-फोर पद्धत, म्हणजे थोडाथोडा कार्बन आधी गोळा करून मग वापरायची, चालू करते आणि तेही त्यांच्यासारखी पेशींची खास रचना नसताना. पण ती बरीच पुढची पायरी झाली. तीन लाख वर्षांत पाणतरोट्यानं हे सगळं कमावलं असं लिहू नकोस.

तरंगतं पान कसं असतं ते शिंगाड्याकडून शीक. एकदा भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढीवर काकांच्या डोंग्यात बसलो होतो, ऑक्टोबरचं ऊन, त्यांनी हात घालून शिंगाड्याचा आख्खा वेल उलटा करून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "सर, तुम्ही वरून पाहून राहिले, खरं झाड तं खाली आहे." वर चौकोनी दातेरी पानांची रांगोळी, प्रत्येक पानाचा देठ मधे फुगलेला, नखानं दाबला की स्पंजसारखा चुरचुरतो. आणि खाली दोरीसारख्या खोडावर पिसांसारख्या हिरव्या मुळांच्या जोड्या. हिरवी मुळं! चिखल धरायला वेगळी आणि पाण्यात लोंबत प्रकाश खाणारी ही वेगळी. मी पुस्तकात वाचलं होतं पण ते ओलं, थंड, हातावर पसरलेलं हिरवं पीस पाहिलं तेव्हा कळलं. आणि हा शिंगाडा कुणाचा नातेवाईक आहे माहीत आहे? मेंदी, डाळिंब, आपला तामण, हे सगळं एक कुळ. मेंदीच्या कुंपणातलं कुणीतरी लांबचं चुलतघराणं पाण्यात उतरलं आणि त्याचं हे झालं. तुझ्या कल्पनेला याहून मोठा आधार काय देऊ.

सपुष्प वनस्पती जमिनीवरून परत पाण्यात गेल्या त्या एकदाच नाही, वेगवेगळ्या कुळांतून, पन्नास ते शंभर वेळा असा अंदाज आहे. तुझ्या तरोट्याच्या शेंगाकुळातही आहेत. पाण्यातला लाजाळू, नेप्च्युनिया, पाण्यात असला की खोडाभोवती पांढऱ्या स्पंजाची गादी चढवतो आणि त्यावर तरंगतो, चिखलावर वाढला तर ती गादी करतच नाही. आणि पानाला हात लावला तर पाण्यावर सुद्धा मिटतो. हे मिटणं तू उचल. तरोट्याची पानं संध्याकाळी मिटतात, जोडीजोडीनं, पाणतरोट्याचं तरंगतं पानही संध्याकाळी मिटतं असं लिही, जुन्या घरची सवय, वाचक ओळखेल.

खोडाचं मात्र बदलायलाच लागेल. जाड लाकडी खोड पाण्यात कशाला? लाकूड दोन कामांसाठी असतं, उभं राहायला आणि पाणी वर चढवायला. पाण्यात वजन पाणीच उचलतं आणि पाणी तर सगळीकडे आहेच, त्यामुळे जलवाहिन्या कमी होतात आणि खोड दोरीसारखं लवचिक होतं. लाटेत जो ताठ तो मोडतो. पण तुला खोड जाडच ठेवायचं असेल तर एक सुंदर वाट आहे, शोला. एस्किनोमिनी नावाचं हेही शेंगाकुळातलंच, दलदलीत वाढतं, बंगालमध्ये नवरदेवाचा पांढरा मुकुट याचाच करतात. खोड मनगटाएवढं जाड आणि वजन जवळपास नाहीच. लोकांना वाटतं तो आतला भेंडासारखा गाभा आहे, पण तो गाभा नाही, ते लाकूडच आहे, इतक्या पातळ भिंतींच्या पेशींचं की हातानं सोलता येतं. पाणतरोट्याचं खोड असं कर. जाड दिसेल, तरंगेल, आणि शास्त्रही सांभाळलं जाईल.

फुलं पाण्याखाली नकोत. हे मी आग्रहानं सांगतो. झाड पाण्यात उतरतं तेव्हा सगळ्यात शेवटी उतरतं ते फूल, आणि बहुतेकांचं कधीच उतरत नाही. कमळ, शिंगाडा, नाळी, जलपर्णी, सगळ्यांनी मुळं-पानं बदलली पण फूल हवेतच ठेवलं. तरोट्याच्या फुलात तर पुंकेसराच्या टोकाला बारीक भोक असतं, भुंगा येऊन पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा त्यातून पराग उडतात. पाण्यात कुठला भुंगा? आणि बहुतेक परागकण पाणी लागलं की फुगून फुटतात. पूर्ण पाण्याखाली परागीभवन करणारी मोजकीच, आणि ती फार जुनी घराणी. मधली तडजोड बघायची तर व्हॅलिसनेरिया बघ, मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, नरफुलं तळाशी तुटून बुडबुड्यांसारखी वर येतात आणि तरंगत जाऊन तिला भिडतात, मग देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळाला खाली ओढतो. मला विचारशील तर पाणतरोट्याचं पिवळं फूल पाण्याच्या वर चार बोटं उभं राहू दे आणि शेंग तेवढी वाकून पाण्यात जाऊ दे. इतकं पुरे आहे.

बी हे तुझ्या झाडाचं सगळ्यात मोठं धन आणि त्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस! तरोट्याच्या बीचं कवच दगडासारखं, पाणी आत घेत नाही, म्हणून सगळ्या बिया एका पावसात उगवत नाहीत, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढच्या. लहरी पाण्याच्या काठावर राहायचं तर हेच लागतं. चीनमध्ये आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १३०० वर्षांचं कमळाचं बी रुजवून दाखवलंय. पाण्यात उतरणारी कितीतरी झाडं नंतर बी सोडून तुकड्यांवरच पसरायला लागतात, जलपर्णीसारखी, भराभर पसरतात खरी पण मग सगळी सारखीच होतात आणि पुढचं बदलणं मंदावतं. पाणतरोट्याला बी सोडू देऊ नकोस.

वेळेचं विचारलंस. वर्षायू झाड म्हणजे तीन लाख वर्षांत तीन लाख पिढ्या. माझ्या मते दोन तऱ्हेची पानं, पोकळ मुळं, हलकं खोड, पुरात उठण्याची चाल, एवढं यात बसतं, कारण यातलं बरंचसं आधीचंच सामान वेगळ्या वेळी चालू-बंद करणं आहे. कायमचं बुडून राहणारं झाड मात्र नाही. समुद्रातलं झोस्टेरा नावाचं गवत घे, त्याच्या जनुकांचा पूर्ण नकाशा २०१६ मध्ये आला तेव्हा दिसलं की पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची वायूची बारीक छिद्रं, बनवणारे जनुकच गेलेत, इथिलीनचेही गेलेत, हवेत वास सोडण्याचेही. समुद्रगवतांच्या घराण्यांना असं व्हायला कोट्यवधी वर्षं लागली, आणि आता त्यांना परत जमिनीवर येता येत नाही. तुझ्या झाडाला मे महिना काढायचाय, त्याला पर्णरंध्रं सोडून चालणारच नाही. तुझ्या शेवटच्या प्रकरणात पाणतरोटा 'पूर्ण जलचर झाला' असं आहे, ते काढ, त्याच्या जागी दुष्काळाचं एक वर्ष घाल आणि भेगाळलेल्या तळात ते झाड बोटभर उंचीचं, साध्या पानांचं, जमिनीवरच्या तरोट्यासारखं फुललेलं दाखव.

आणि एक जाता जाता, आवडेल तुला. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप, नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी, नागपूरजवळ टाकळीच्या खडकांत गोड्या पाण्यातले जीवाश्म गोळा करत होते. दख्खनचा लाव्हा वाहिला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा एका थरानंतर दुसरा येईपर्यंतच्या मधल्या काळात या भागात उथळ तळी साचत. छिंदवाड्याकडे सौसर-मोहगाव कलानच्या भागात त्याच काळातल्या खडकांत ॲझोलासारखी पाण्यातली फर्न सापडली, वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी त्यांचा अभ्यास केला. तुझी नायिका जर कुठं खडक फोडताना दाखवायची असेल तर इथं दाखव.

लिहिण्याआधी एक काम कर. जूनमध्ये तरोट्याच्या चाळीसेक बिया घे, सँडपेपरवर थोड्या घास म्हणजे उगवतील, चहाच्या कागदी कपांत काळ्या मातीत लाव. चार पानं आली की सगळे कप एका घमेल्यात ठेव आणि मातीच्या वर दोन बोटं पाणी येईल इतकं भर, रोज बघ आणि लिहून ठेव. काही तिसऱ्या दिवशी माना टाकतील, काही पाचव्या, दोनतीन कदाचित दहाव्या दिवशीही ताठ असतील. मेलेल्यांची आणि उरलेल्यांची मुळं शेजारी ठेवायला उरलेल्यांतलं एकच उपट, ब्लेडनं आडवा पातळ काप घे, कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पोकळ्या मोज. बाकीच्यांना लाल दोरा बांध, जमिनीत लाव, आणि शेंगा धरल्या की बी वेगळ्या डबीत ठेव, पुढच्या जूनसाठी.